प्रवासात कुणाच्या घरी राहून तिथला स्वयंपाक शिकलात का? (मालवणचे सहा दिवस)

आभाळवाट

माझं माहेर लातूरकडचं. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी हे माझ्या हातात बसलेलं. नारळ आमच्याकडे देवापुढे फुटायचा आणि प्रसाद वाटण्यातच संपायचा. लग्नानंतर पुण्यात आले, मालवणी जेवण पहिल्यांदा खाल्लं आणि त्याची ओढच लागली. व्हिडिओ बघून कितीदा तरी घरी केलं. दर वेळी काहीतरी हुकायचंच. सोलकढी फुटायची, बांगड्याच्या रश्श्याला कडवटपणा यायचा, घावण तव्याला धरायचं.

म्हणून या मे महिन्यात ठरवून गेले. मैत्रिणीच्या ओळखीनं मालवण तालुक्यातल्या एका घरी सहा दिवसांची सोय झाली. घरात काका, काकी, काकींच्या सासूबाई (त्यांना सगळे आये म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले) आणि कॉलेजात जाणारी मुलगी. फोनवरच सांगितलं होतं की मला फिरायचं कमी आहे, तुमच्या स्वयंपाकघरात बसायचं आहे. काकींनी एकच विचारलं, "मासे साफ करशील?" मी हो म्हटलं.

पहिल्या सकाळी मी वही-पेन घेऊन हजर. आये चुलीपाशी पेजेच्या टोपाकडे बघत बसल्या होत्या. म्हणाल्या, "गो बाय, आज नुसतां बघ. उद्या हात लाय." मी खरंच दिवसभर नुसती बघत बसले. तो दिवस वाया गेला असं तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, सहाही दिवसांत सगळ्यात जास्त मी त्याच दिवशी शिकले.

कारण मला घराचा क्रम कळला. सकाळी लवकर चहा आणि घावणे किंवा आंबोळी. दहाच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज, सोबत भाजलेला सुका बांगडा नाहीतर करमटाचं लोणचं. दुपारचं जेवण काका बंदरावरून काय आणतात त्यावर. त्या मधल्या वेळात नारळ फोडून, आडाळीवर खवून ठेवलेला. म्हणजे मासा दारात आला की वाटण तयार, मसाल्यासाठी मासा खोळंबत नाही. मी घरी नेमकं उलटं करत होते. मासे आणून फ्रिजमध्ये ठेवायचे, मग आरामात कृती शोधायची.

दुसऱ्या दिवशी रापण होती. किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी जाळं ओढतात आणि ओढायला हात लावणाऱ्यालाही मासळीतला वाटा मिळतो. काका सात बांगडे घेऊन आले. डोळे काचेसारखे, अंग ताठ. काकींनी त्याचं तिखलं केलं. हे मी जवळ बसून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतः केलं, म्हणून सविस्तर लिहिते.

बेडगी मिरच्या कोमट पाण्यात भिजवलेल्या. चमचाभर धणे, हळद, मूठभर ओलं खोबरं. हे सगळं पाट्यावर इतकं मऊ वाटलं की बोटांत चोळल्यावर कण लागेना. कांदा नाही, लसूण नाही, फोडणी नाही. मातीच्या भांड्यात वाटण, पाणी, मीठ, चार-पाच सोलां (आमसुलं) आणि सात-आठ तिरफळं (कोकणातला उग्र वासाचा मसाला). इथेच माझी चूक सापडली. मी तिरफळं मिक्सरमध्ये वाटणाबरोबर फिरवत होते, बियांसकट. काकी म्हणाल्या, "तिरफळां वाटूची नाय, नुसती चेचूची." आतली काळी बी काढून टाकायची. वास असतो तो वरच्या टरफलात. ती टरफलं पाण्यात जरा भिजवून, वरवंट्यानं एकदाच चेचून रश्श्यात सोडायची आणि खाताना बाजूला काढायची. माझा रस्सा का कडू व्हायचा याचं उत्तर त्या एका वाक्यात मिळालं.

रस्सा उकळला की बांगड्याचे तुकडे. त्यानंतर पळी आत जात नाही. फडक्यानं भांड्याचे काठ धरून अलगद हिंदकळवायचं, एवढंच. मासा शिजायला फार वेळ लागत नाही. उतरवताना चमचाभर कच्चं खोबरेल वरून सोडलं आणि झाकण ठेवलं. झाकण काढल्यावर जो वास आला तो मला पुण्याच्या स्वयंपाकघरात कधीच आला नव्हता. खोबरेल खाण्यात घालायला मी बिचकत होते, आता बाटली आणून ठेवली आहे.

मे महिना असल्यामुळे आणखी एक गोष्ट पाहायला मिळाली. परसात रातांबे (कोकमाची फळं) पिकले होते. ते फोडून बिया-गर वेगळा करायचा, त्या रसात मीठ घालायचं, सालं त्यात बुडवून उन्हात टाकायची, संध्याकाळी पुन्हा रसात आणि सकाळी पुन्हा उन्हात. असं काही दिवस चालतं तेव्हा ते काळं, चिवट, चमकदार सोल तयार होतं. मिठात मुरवून काढलेला रस म्हणजे आगळ. सोलकढी करताना मी सवयीनं आधी मीठ टाकायला निघाले तर आयेंनी हात धरला. "मीठ मगे. आगळात आसा." आणि नारळाचं दूध गॅसच्या जवळपासही न्यायचं नाही. मी कोमट करत होते, म्हणून ती फुटायची.

माझं आता ठाम मत झालंय की परमुलखातला स्वयंपाक शिकायचा तर त्या घराचा रोजचा दिवस चालू असताना शिकावा, आणि निदान चार दिवस तरी राहावं. दोन तासांत सहा पदार्थ दाखवणाऱ्या वर्गाला मी याआधी दुसऱ्या एका राज्यात गेले आहे. तिथे सगळं चिरून, वाटून वाट्यांत मांडलेलं होतं आणि आम्ही फक्त कढईत ओतलं. घरी आल्यावर त्यातलं एकही मला जमलं नाही. जे कठीण होतं ते आम्ही यायच्या आधीच उरकलं होतं.

तुमचे अनुभव लिहा. महाराष्ट्रातले, बाहेरचे, कुठलेही. कुणाकडे राहिलात, काय शिकलात, घरी आल्यावर जमलं का?

सागरगोटा

फार आवडलं. तिरफळाबद्दल एक भर. गोव्यात आम्ही त्याला तेफळ म्हणतो. बांगडा, तारली अशा तेलकट माशांनाच ते शोभतं. पापलेटला घालू नका, पापलेटची चव नाजूक असते, तेफळ तिला झाकून टाकतं. सुकी तेफळं विकत घेताना टरफलं उमललेली आणि बिया बऱ्याच गळून गेलेल्या बघून घ्या, निवडायचं काम कमी होतं. हवाबंद बरणीत वर्षभर राहतात. वास गेला की मात्र फेकून द्या, जास्त घालून भागत नाही.

निवडुंग

मी शाकाहारी आहे. मालवणला जाऊन शिकण्यासारखं माझ्यासाठी काही आहे का, की सगळं माशांभोवतीच फिरतं?

आभाळवाट

निवडुंग, भरपूर आहे! सहा दिवसांतले दोन दिवस घरात मासे नव्हते, सोमवार आणि संकष्टी. सोमवारी कुळथाची पिठी होती. कुळीथ भाजून, भरडून, टरफलं पाखडून केलेलं पीठ. लसणीची फोडणी, पाणी, सोलां आणि पीठ गुठळी न होता सोडायचं. गरम भातावर ती पिठी आणि पापड, एवढंच जेवण. ते जेवून मला माझ्या आजीच्या हुलग्याच्या माडग्याची आठवण आली. धान्य तेच, आमच्याकडे हुलगे म्हणतात, तिकडे कुळीथ.

संकष्टीला काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, मालवणी मसाला. घावण्याबरोबर तेच खातात. शिवाय फणसाची भाजी, केळफूल, आणि वर्षातला ठरावीक काळ ओल्या काजूची उसळ. ती मला हवी होती, पण मे उजाडेपर्यंत ओले काजू संपलेले होते. त्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये जायला हवं. आये म्हणाल्या, "आज घरात जां आसा तांच." हा नियम मला फार पटला. फणसाच्या आठळ्या मातीत घोळून पावसाळ्यासाठी ठेवलेल्या पाहिल्या. त्या भाजून, उकडून, भाजीत घालून महिनोन्‌महिने पुरतात.

चुलवण

मी उत्तराखंडात, कुमाऊंतल्या मुनस्यारीजवळच्या सरमोली गावात पाच दिवस राहिलो होतो. तिथे बायकांनी मिळून घरगुती पाहुणचार उभा केलाय, ते गाव २०२३ साली देशातलं उत्तम पर्यटन गाव म्हणून निवडलं गेलं. मी ट्रेकसाठी गेलो होतो, पावसानं अडकलो आणि त्या निमित्तानं दीदींच्या स्वयंपाकघरात शिरलो.

भट्टाची चुडकाणी शिकलो. भट्ट म्हणजे तिकडचं काळं, लहान दाण्याचं गावरान सोयाबीन. लोखंडी कढईत तेलावर दाणे टाकायचे आणि फुटेपर्यंत परतायचे. तडतड आवाज थांबायच्या आत कांदा, मग थोडं पीठ भाजून घ्यायचं, मग पाणी. तासभर मंद आचेवर. कढई लोखंडाचीच हवी, रस्सा जवळजवळ काळा होतो आणि तोच त्याचा रंग. मी घरी स्टीलच्या पातेल्यात केली तर तपकिरी पाणी आणि दाणे वेगळे. आईची जुनी लोखंडी कढई घासून काढली तेव्हा जमली.

दुसरं म्हणजे जंबू. उंचावरच्या डोंगरात मिळणारी कांद्याच्या कुळातली पात, वाळवलेली. चिमूटभर तुपात टाकली की लसूण आणि हिंग दोन्हींचा मिळून वास येतो. डाळीला वरून तीच फोडणी. दीदींनी निघताना कागदाच्या पुडीत बांधून दिली. ती मी इतकी जपून वापरली की दीड वर्ष पुरली.

आणि पाटा! त्यांचा सिलबट्टा आणि आपला पाटा-वरवंटा एकच. माझी आई नगरची. मी दीदींना दाखवलं की आम्हीही असंच वाटतो, तर त्यांनी मला उठवून स्वतःच्या जागी बसवलं. भांगेच्या भाजलेल्या बियांची चटणी वाटायला दिली. (नशेचा काही संबंध नाही त्या बियांत, दाण्याच्या कुटासारखी चव असते.) त्या दिवसापासून मला पाहुण्यासारखं कुणी वागवलं नाही.

पाणंद

सगळं वाचून आनंद झाला, पण मनात जे आलं ते लिहिते. आपण जातो चार दिवस. त्या घरातली बाई पहाटे पाचला उठते, पाणी भरते, पेज चढवते, मासे साफ करते, वाटण वाटते, आणि त्यातच आपल्याला शिकवते. आपल्याला ते सुंदर वाटतं कारण आपण परत येणार असतो. माझी मावशी देवगडकडे आहे, तिच्या खांद्याचं दुखणं पाट्यावर वाटून वाटून आलंय. आता ती मिक्सर वापरते आणि मला ते बरं वाटतं. पाट्याची चव वेगळी असते हे खरं असेल, पण ती चव दुसऱ्याच्या खांद्यावर मागू नये असं मला वाटतं.

आभाळवाट

पाणंद, तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे आणि मी ते मूळ लेखात लिहायला हवं होतं. काकींच्या घरीही रोजचं वाटण मिक्सरवरच होतं. पाटा त्यांनी माझ्यासाठी काढला आणि तिसऱ्या दिवसापासून वाटायचं काम मी केलं. वीस मिनिटांत हात भरून आले. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून काकींनी किती वाटलं असेल याचा अंदाज मला त्या वीस मिनिटांत आला. मिक्सरवर वाटायचं असेल तर पाणी अगदी थोडं थोडं घालून, मध्ये थांबून, भांडं गरम होऊ न देता वाटायचं, म्हणजे खोबऱ्याला तेल सुटत नाही. हेही काकींनीच शिकवलं.

मदतीबद्दल: नारळ खवणं, भांडी, अंगण झाडणं हे मी रोज केलं. पैशांचं मी आधीच विचारलं. राहण्या-जेवणाचे वेगळे आणि शिकवण्याचे वेगळे. काकी नको नको म्हणत होत्या. मी सांगितलं की पुण्यात कुठल्या वर्गाला गेले असते तर फी भरलीच असती.

वायंगण

मी स्वतः सिंधुदुर्गातली आहे आणि आमच्या घरी निवास-न्याहरीची सोय आहे, म्हणून यजमानांच्या बाजूने लिहिते.

आमचा जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्यानंतर कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि माणसं येऊ लागली. सुरुवातीला सगळ्यांना समुद्र हवा होता. आता बरेच जण स्वयंपाक शिकायचा आहे म्हणून फोन करतात. आम्हाला आवडतं. माझ्या सासूबाईंना आयुष्यात कुणी "तुम्ही हे कसं करता" असं विचारलं नव्हतं. पहिल्यांदा एका पाहुणीनं वहीत लिहून घेतलं तेव्हा त्या रात्री त्यांनी मला तीनदा सांगितलं, "तिणां सगळां लिवन घेतल्यान."

पण काही गोष्टी सांगायच्याच आहेत.

येण्याआधी महिना बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद असते. तेव्हा येऊन सुरमई मागितली तर कुणीतरी बर्फातली आणून देईल, पण ते आमचं पावसाळ्यातलं जेवण नाही. पावसाळ्यात आम्ही सुकी मासळी, कुळीथ, आठळ्या, टाकळा, अळू आणि शेवळं असलं काही खातो. ते शिकायला या ना! श्रावणात बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत. गणपतीत घर माणसांनी भरलेलं असतं, तेव्हा शिकवायला कुणालाच वेळ नसतो.

कोंबडी-वडे पहिल्याच दिवशी मागू नका. वड्याचं पीठ भरड दळून आणावं लागतं. तांदूळ जास्त, उडीद, थोडी चणाडाळ, गहू, मेथ्या, धणे, बडीशेप. आम्ही ते सणाला किंवा जावई येणार असेल तर करतो. आधी कळवलंत तर करू, पण मग पीठ दळण्यापासून हजर राहा.

स्वयंपाकघरात शिरण्याआधी विचारा. आमच्याकडे देवघर चुलीच्या खोलीला लागून आहे, सासूबाईंना आंघोळ केल्याशिवाय आत आलेलं चालत नाही. काही घरांत पाळीचं अजून पाळतात. तुम्हाला ते पटत नसेल तर तसं घर निवडू नका, पण येऊन वाद घालू नका. व्हिडिओ काढायच्या आधीही विचारा. माझ्या सासूबाईंचा घरच्या साडीतला, केस न विंचरलेला व्हिडिओ कुणीतरी न विचारता टाकला होता. गावातल्या मुलांनी दाखवला तेव्हा त्या रडल्या. तेव्हापासून पाहुणे असले की त्या चुलीपाशी येत नाहीत.

आणि पैसे जिनं शिकवलं तिच्या हातात द्या. हिशेब पुरुषमाणसाकडे असतो हे खरं, पण शिकवण्याचे वेगळे पैसे तिच्या हातात पडले की ते तिचे राहतात.

सागरगोटा

वायंगण, सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं. हे सगळं पहिल्या पानावर डकवून ठेवावं असं आहे.

गव्हाळ

माझा अनुभव जरा वेगळा. नवरा कामासाठी तंजावरला होता, मी दोन महिने सोबत. तिथे ओळख झाली एका तंजावरी मराठी कुटुंबाशी. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं, त्या काळी गेलेली कितीतरी घरं अजून तिथेच आहेत. घरात बोलतात ती मराठी कानाला जुनी लागते, बऱ्याच शब्दांवर तमिळचा हेल. पहिले दोन दिवस मी नुसती ऐकत होते.

तिथल्या मामींनी एके दिवशी उडदाची डाळ कोरडी भाजली, दळली आणि त्या पिठात ताक घालून वर मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी दिली. विचारलं, काय हे? म्हणाल्या, "डांगर पचडी." माझ्या अंगावर काटा आला. माझी आजी साताऱ्याची, ती उन्हाळ्यात पापडासाठी उडदाचं पीठ भिजवायची आणि त्यातलंच थोडं बाजूला काढून, ताक-कांदा घालून डांगर करायची. आजी गेल्यापासून मी ते खाल्लं नव्हतं. इतक्या दूर, इतक्या पिढ्यांनी, तेच नाव! मामी पीठ भाजून घेतात, आजी कच्चंच वापरायची, एवढाच फरक. भाजलेलं मला जास्त आवडलं. आजीला कसं वाटलं असतं कुणास ठाऊक.

मामींना मी आजीची पद्धत करून दाखवली. त्यांनी कांदा घातलेला पाहून भुवया उंचावल्या, पण वाटी पुसून खाल्ली.

दूरदेशी

मी जर्मनीत. इथे बसून सगळ्यांचा हेवा वाटतोय. आभाळवाट, घावण्याचं नीट लिहा ना. इथे तांदळाचं पीठ मिळतं, ओला नारळ गोठवलेला मिळतो, आमसुलं आईनं पाठवलीत. पण घावण काही केल्या सुटत नाही. जाळी तर पडतच नाही.

आभाळवाट

दूरदेशी, मी चौथ्या दिवशी सकाळी सलग अकरा घावणे काढले, पहिले चार आयेंनी बाजूला ठेवायला लावले. जे कळलं ते सांगते.

त्यांच्याकडे तांदूळ रात्री भिजवून सकाळी वाटतात. तुमच्याकडे पीठ आहे तर एक वाटी पिठाला पावणेदोन ते दोन वाट्या पाणी, मीठ, आणि निदान तासभर ठेवा. पीठ ताकाइतकं पातळ हवं. मला ते इतकं पातळ करायचा धीरच होत नव्हता. तांदळाचं पीठ तळाशी बसतं, म्हणून प्रत्येक घावण्याआधी तळापासून ढवळायचं. हे विसरलं की पहिले दोन पाण्यासारखे आणि शेवटचे दोन जाड होतात.

तवा बिडाचा. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा. तवा इतका तापलेला हवा की पीठ पडताच चर्र आवाज आला पाहिजे. ओतताना कडेनं सुरू करून मध्यावर यायचं आणि पळीनं पसरायचं नाही. मी पसरत होते. आये म्हणाल्या, "पसरू नको, ता आपणच पसरता." तापलेल्या तव्यावर पातळ पीठ पडलं की वाफ वर येताना भोकं पडतात, तीच जाळी. पळी फिरवली की ती भोकं बुजतात. मग झाकण, मिनिटभर. कडा आपोआप उचलल्या गेल्या की काढायचं. उलटायचं नाही. आणि गरम घावणे एकावर एक ठेवू नका, चिकटतात. काकी सुपावर फडकं पसरून त्यावर वेगवेगळे टाकायच्या.

तुमच्याकडे इंडक्शन असेल तर बिडाचा तवा मंद आचेवर बराच वेळ आधी तापवा, एकदम मोठी आच दिली तर मध्येच तापतो आणि कडा थंड राहतात.

निवडुंग

प्रमाणं कशी लिहून घेता? माझ्या सासूबाईंना विचारलं तर "अंदाजानं" म्हणतात आणि विषय संपतो.

आभाळवाट

मी एक ताटली हातात धरून उभी राहायचे. काकींनी मुठीत काहीही घेतलं की "आधी इथे टाका" म्हणायचे, वाटीनं मोजायचे आणि मग भांड्यात. त्यांची तांदळाची मूठ माझ्या लहान वाटीनं अर्धी वाटी भरली, माझी मूठ त्याहून बरीच कमी. म्हणजे "चार मुठी" असं लिहून आणलं असतं तर माझं गणित चुकलंच असतं. पण जिथे मोजता येत नाही तिथे रंग, वास, आवाज लिहून ठेवला. "धणे बोटात दाबले की कट्‌कन मोडले पाहिजेत", "खोबरं विटेच्या रंगाचं, चॉकलेटी नाही" असं. मसाल्याच्या वेळी हे फार उपयोगी पडलं. मे महिन्यात वर्षाचा मसाला होतो, जिन्नस एकेक वेगळा भाजतात, कारण खसखस आणि हळकुंड एकत्र भाजलं तर एक जळतं आणि दुसरं कच्चं राहतं. मग सगळं डंकावर कुटायला नेतात.

पाणंद

सासूबाईंना विचारण्यापेक्षा त्या करताना शेजारी उभ्या राहा, निवडुंग. माझ्या आईला विचारलं की तीही "अंदाजानं"च म्हणायची. पण तिच्या हाताखाली कांदा चिरत उभी राहिले की आपणहून बोलायची, "बघ, आता वास बदलला."

निवडुंग

बरं, तुमच्या सगळ्यांमुळे मीही शिकायला आलेय. (धागा वर आणतेय, मधे सहा महिने गेले.) वायंगणताईंशी निरोपानिरोपी करून त्यांच्याच घरी, नोव्हेंबरात. सध्या तिथूनच लिहितेय, उद्या रात्री निघायचंय.

आजी (ताईंच्या सासूबाई) पहिले दोन दिवस खरंच आल्या नाहीत चुलीपाशी. मी फोन खोलीत ठेवून यायचे आणि ताईंबरोबर काम करायचे. तिसऱ्या दिवशी मी कुळथाची पिठी करत होते, पीठ सोडताना गुठळ्या व्हायला लागल्या आणि मागून हात आला. माझ्या हातातली पळी घेतली, पीठ आधी वाटीत थंड पाण्यात कालवलं, मग सोडलं. काही बोलल्या नाहीत. जेवताना विचारलं, "पिठी बरी झाली?" मी म्हटलं, तुमच्यामुळे झाली.

आज त्यांनी स्वतःहून सांगितलं की उद्या शिरवाळे करूया. तांदळाच्या उकडीचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबायचे, नारळाच्या गुळ घातलेल्या रसात बुडवून खायचे. साचा माळ्यावर होता, ताईंनी आणि मी आताच खाली उतरवून धुतला, चांगलाच जड आहे. दाबायला दोन माणसं लागतात. आजी म्हणाल्या, एक टोक मी धरीन.

वायंगण

साचा पाच वर्षांनी माळ्यावरून खाली आलाय. निवडुंग, सकाळी सहाला उठा, आंघोळ करून या. त्या तुमच्या आधी बसलेल्या असतील.